दंडारीतल्या सावकाराचं पोट

माणसाची चूक चारचौघांत झाली तर चारचौघं विसरतात. माझी माईकवर झाली, आणि तीही सासुरवाडीच्या मंडईत.

दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते, म्हणजे भाजीबाजार नव्हे, जत्रा. ज्या गावची मंडई, त्या गावच्या लेकींनी माहेरी आणि जावयांनी सासुरवाडीला हजेरी लावायची, हा अलिखित कायदा. माझी सासुरवाडी आसगावची. मी लाखनीला हायवेच्या कडेला सोनोग्राफीचं सेंटर चालवतो. जावई डॉक्टर असला की गाव त्याला नुसतं जेवू घालून सोडत नाही. स्टेजवर बसवतं, हातात नारळ देतं आणि 'दोन शब्द' बोलायला लावतं. माझे दोन शब्द कधीच दोन नसतात. नारळ मात्र दरवर्षी एकच मिळतो.

भाषणं उरकली की भरदुपारी दंडार सुरू होते. ढोलकी, टाळ, लुगडी नेसून नाचणारे बाप्ये आणि गावातल्याच माणसांची सोंगं. त्यात सावकाराचं सोंग माझ्या मोठ्या साळ्याचं, म्हणजे शामभाऊंचं. माणूस मुळात काटकुळा, आणि सावकार काटकुळा कसा चालेल? म्हणून पोटावर उशी बांधायची. सेमराच्या, म्हणजे सावरीच्या कापसाची, फुलाफुलांच्या अभ्र्याची. ही उशी बांधायचा मान त्यांच्या बहिणीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा. लग्नात ती उशी तिच्याबरोबर माझ्या घरी आली आणि दरवर्षी मंडईला आमच्याबरोबर गाडीत बसून माहेरी जाते. गाडीत तिची जागा ठरलेली आहे. माझ्या आईनं एकदा तिच्यावर डोकं टेकवलं होतं, तर सुनंदा म्हणाली, "आई, तिचं पोट चेपते."

त्या वर्षी सुनंदा ओढणीनं उशी बांधायला गेली तर शामभाऊंनी सदरा वर केला आणि पोटावर हात फिरवला. "यंदा नाई लागत सुनंदे. घरचीच उगवली."

खरंच पोट आलं होतं. गोल, टणटणीत, सावकाराला शोभणारं. मी माईक हातात घेतला. "मंडळी, दरवर्षी आमच्या शामभाऊंचं पोट कापसाचं असायचं. यंदा ते अस्सल आहे! गावाची प्रगती आणखी कशानं मोजायची?" मंडई हसली. मला चेव आला. मी शामभाऊंना पुढे ओढलं आणि बाजारात टरबूज पारखतात तशी त्यांच्या पोटावर थाप मारली. मंडई आणखी हसली. शामभाऊ पण हसले.

सुनंदा हसली नाही.

परत येताना उशी मागच्या सीटवर होती. "तशीच परत आणली," ती म्हणाली.

मला वाटलं, मान हुकला म्हणून रुसली. मी म्हणालो, "बरं झालं ना? माणसानं अंग धरलं."

"अंग कुठं धरलं? पोट धरलं. हात पाह्यले का त्याचे? सदऱ्याच्या बाहीत काडी घातल्यासारखे होते."

मी हात पाहिले नव्हते. मी भाषण करत होतो.

आता गंमत अशी की पोट पाहणं हाच माझा धंदा आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका अंधाऱ्या खोलीत बसून मी भंडारा जिल्ह्याची पोटं पाहतो. दारावर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' ही पाटी. बाहेर बाकावर पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेली माणसं, कारण मूत्राशय भरलेलं असलं तर ओटीपोटातलं चांगलं दिसतं. दर थोड्या वेळानं कुणीतरी दार ढकलून विचारतं, "डॉक्टरसाहेब, आता नाई सहन होत, जाऊ का?" आणि मी ओरडतो, "थांबा!" एमडी होऊन मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य ते हेच.

यंत्र साधं आहे. ते पोटात आवाज पाठवतं, कानाला ऐकू न येणारा. तो आतल्या गोष्टींवर आपटून परत येतो आणि त्याचं पडद्यावर चित्र होतं. पाणी काळं दिसतं, खडा पांढरा दिसतो आणि गॅस असला की काहीच दिसत नाही. म्हणजे नेमकी जी गोष्ट लोकांना पाहायची असते, तीच आम्हाला दिसत नाही. "गॅस कुठं अडकून रायला तेवढं दाखवा" म्हणणारे काका मला आठवड्याला भेटतात.

एकोडीच्या एक आजी तर माझ्या कायमच्या गिऱ्हाईक. पोटाला जे जेल आम्ही लावतो ना, यंत्र नीट फिरावं म्हणून, ते त्यांना औषध वाटतं. "बाबू, ते थंडं मलम लावून दे. मागच्या खेपेले कंबर दुखाची बंद झाली होती." मी समजावून थकलो. आता आल्या की थोडं लावतो. कंबर दुखायची थांबते म्हणतात. माझ्या हातून कुणी बरं झाल्याचा एवढा एकच पुरावा माझ्याकडे आहे, कारण बाकी आम्ही फक्त पाहणारे. पाहायचं, सांगायचं, बरं करणारा दुसरा.

पण पाहणाऱ्यालाही चुकवणारी एक जागा पोटात आहे, आणि ही सगळी गोष्ट त्या जागेची आहे. ती जागा म्हणजे पोटाचं अस्तर.

कोटाला आतून अस्तर असतं तसं पोटाला आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असतं. ते भिंतीवरच थांबत नाही. आतडी, यकृत, जठर, सगळ्यांवर तेच ओढलेलं असतं. त्याला आम्ही पेरिटोनियम म्हणतो. त्यात थोडासा ओलावा असतो, म्हणून आपण जेवून उठलो की आतडी एकमेकांवर न घासता सरकतात. निरोगी असलं तर ते सोनोग्राफीत जवळजवळ दिसतच नाही. जे दिसत नाही त्याच्याकडे कोण लक्ष देतं?

या अस्तरावर गाठी होतात. काही तिथंच जन्मतात. त्या फार दुर्मिळ, आणि त्यातल्या काहींचा संबंध ॲस्बेस्टॉसच्या धुळीशी असतो. बऱ्याचशा मात्र बाहेरून येतात. अंडाशय, जठर, मोठं आतडं किंवा अपेंडिक्समधून पेशी सुटतात आणि अस्तरावर रुजतात. सुरुवातीला दुखत नाही. पोट फुगतं एवढंच. मग माणूस म्हणतो गॅस आहे, बायको म्हणते चरबी आहे, आणि डॉक्टर म्हणतो पाणी झालंय. आपल्याकडे पोटाचा टीबी पुष्कळ, त्यामुळे पोटात पाणी दिसलं की पहिला संशय टीबीवर जातो. अनेकदा तो बरोबर असतो. पण अनेकदा म्हणजे दरवेळी नव्हे.

लाखनीच्या पलीकडच्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. कुठंतरी दर खेपेला पोटातलं पाणी काढायचे, टीबीच्या गोळ्या चालू होत्या. झोपल्या झोपल्या विचारायच्या, "कमी झालं का बाबू?" मी सांगायचो, पाणी आहे, अस्तर जाड दिसतंय, त्याचा तुकडा काढून तपासायला हवा. त्या हो म्हणायच्या. पण घरी शेती, घरी लेकीचं बाळंतपण. आणि पाणी काढलं की त्यांना इतकं हलकं वाटायचं की तुकड्याची आठवण कोण ठेवणार? शेवटी तुकडा काढला तेव्हा तो अंडाशयातून आलेला कॅन्सर निघाला, आणि आतडी एकमेकांना चिकटून गेली होती. शेवटच्या खेपेला त्यांनी विचारलं नाही. मी काय सांगणार हे त्यांना माझ्या तोंडावरच दिसलं असावं. आमच्या खोलीत अंधार असतो, पण पडद्याचा उजेड पाहणाऱ्याच्या तोंडावरच पडतो.

तर मंडई होऊन गेली, मळणी होऊन धान घरात आलं, आणि एक दिवस शामभाऊ माझ्या सेंटरच्या बाकावर बसलेले. सोबत कांतावहिनी.

"जवाई, बेंबी बाहेर येऊन रायली," शामभाऊ म्हणाले. "भंडाऱ्याचे सर्जन म्हनते हर्निया हाय, जाळी टाकू. पन आधी पोट पाहून या म्हनते."

"झोपा. थंड लागेल."

"लागू द्या. मंडईत थाप मारली तवा हात गरम होता तुमचा."

मी हसलो आणि यंत्र ठेवलं. मग हसू कुठं गेलं कळलं नाही.

पोटात पाणी असलं की आतडी त्यात तरंगतात. इथं आतडी मागे दाबून बसवल्यासारखी होती. पाणी काळं दिसायला हवं. इथं राखाडी ठिपके भरलेले. यकृताची कड गुळगुळीत असते. इथं ती जागोजागी आत दबलेली, उंदरानं भाकर कुरतडावी तशी.

"कुशीवर व्हा भाऊ."

ते झाले. पाणी असतं तर खालच्या बाजूला वाहून आलं असतं. काही हललं नाही.

"आता दुसऱ्या कुशीवर."

"काहून जी? भाकर शेकून रायले का मले?"

वहिनी हसल्या. मी त्यांना सांगून, भाऊंची परवानगी घेऊन, पडद्यावर पाहत पाहत बारीक सुई टाकली. काही आलं नाही. जाड सुई टाकली. पिचकारी जोर लावून ओढली तेव्हा मधासारखं पिवळट, घट्ट काहीतरी सरकत सरकत आत आलं.

शामभाऊंनी मान उचलून पाहिलं. "हे त भिजवलेल्या जवसावानी हाय."

अगदी तसंच होतं. जवस रात्रभर भिजवला की जो चिकट लगदा होतो, तसा. आणि ती जेली हातात असताना मला मंडई आठवली. टरबुजासारखी थाप मारली होती मी त्या पोटावर. टरबूज पारखणारासुद्धा थाप मारल्यावर कान देऊन ऐकतो.

पुढचं वेगानं झालं. सीटी स्कॅन झाला, रक्त तपासलं, दुर्बीण झाली, जेली प्रयोगशाळेत गेली. तेवढ्यात एका मोठ्या डॉक्टरांनी स्कॅन पाहून वहिनींना सांगून टाकलं की कॅन्सर पोटभर पसरलाय, घरी न्या, काय खायचं ते खाऊ घाला. ते डॉक्टर वाईट नव्हते. हा आजार इतका कमी दिसतो की बऱ्याच जणांच्या उभ्या आयुष्यात येत नाही. आणि 'पोटभर पसरलाय' हे शब्द ऐकल्यावर वहिनींना पुढचं काही ऐकू येईना.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती आणि तिच्याबद्दल मी ठाम होतो. या जेलीचं नाव सूडोमिक्सोमा. बहुतेक वेळा ती अपेंडिक्समधल्या एका लहानशा गाठीपासून सुरू होते. गाठ फुटते, पेशी पोटात सांडतात आणि जेली तयार करत बसतात, वर्षानुवर्षं, कुणाला न कळता. पण या पेशी आळशी असतात. बहुधा त्या रक्तात शिरत नाहीत, फुप्फुसात जात नाहीत, अस्तर सोडून कुठं जात नाहीत. म्हणजे पसरलंय हे खरं, पण एकाच खोलीत पसरलंय. ती खोली साफ करता येते. हे काम करणारे एक सर्जन माझ्या ओळखीचे होते. स्कॅन पाहून, प्रयोगशाळेचा निकाल ऐकून ते म्हणाले, "पेशी सौम्य जातीच्या आहेत. घेऊन या. पण माणूस मनानं तयार हवा."

माणूस तयार करायला आम्ही आसगावला गेलो.

तर अंगणात बैठक बसलेली. सुनंदाचे काका, बळीरामकाका, घरात सगळ्यांत वडील. त्यांनी आम्हाला चूल पेटवायच्या लाकडांच्या ढिगाजवळ बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "शामाले सांगू नोका. अन् चाकू त लावूच नोका. पोटाले हवा लागली का हे गावभर पसरते."

"गावभर नाही काका, पोटभर," मी म्हणालो.

"तेच ते."

कांतावहिनी पदरात तोंड घालून म्हणाल्या, "मी त्याहिले अल्सर हाय म्हनून सांगतलं."

सपरीतल्या, म्हणजे पडवीतल्या खाटेवर शामभाऊ पांघरूण घेऊन पडले होते. तिथून आवाज आला, "काका, मी पोटाचा बिमार हाव. कानाचा नाई."

बळीरामकाका लाकडं मोजायला लागल्यासारखं करू लागले.

"जवाई, इकडं या. मंडईत माईकवर गजब बोलले तुमी. आता काहून आवाज बसला? तवा बोलले तसंच बोला. साऱ्याहिले आयकू गेलं पायजे."

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं केली. त्या दिवशी पहिल्यांदा मला नारळाशिवाय भाषण करावं लागलं. मी सपरीच्या पायरीवर उभा राहिलो आणि काय आहे ते नाव घेऊन सांगितलं. कॅन्सर हा शब्दही उच्चारला. वहिनींनी डोळे मिटले, शामभाऊंनी मिटले नाहीत.

"धानाच्या बांधीत पाण्यावर हिरवा थर येतो ना भाऊ? तो पाणी थांबतं त्या कोपऱ्यात साचतो. वरवर पसरतो, पण जमिनीत मूळ धरत नाही. तसं हे आहे. सर्जन पोट उघडून ती जेली काढतील. जिथं जिथं अस्तर खराब झालंय तिथून ते सोलून काढतील. अपेंडिक्स, आतड्यावरचा चरबीचा पदर, आणि लागलंच तर आतड्याचा तुकडा काढतील. पण डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी उरतातच. म्हणून पोट मिटायच्या आधी कॅन्सरचं औषध गरम करून आत खेळवतात. शिरेतून दिलेलं औषध या अस्तरापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून सरळ तिथंच. गरम असलं की ते जास्त चावतं."

"पोट शिजन ना मंग!" बळीरामकाका.

"शिजत नाही काका. तापातल्या अंगापेक्षा थोडं जास्त गरम, तेवढंच. यंत्र लक्ष ठेवतं."

"अन् हवा लागली का पसरते, ते?"

"ज्यांचं पोट उघडल्यावर पसरलेलं दिसलं, त्यांचं उघडायच्या आधीच पसरलेलं होतं. हवेनं काही झालं नाही, उशीर झाला होता."

शामभाऊ उठून बसले. "मराचं भेव किती?"

"आहे. हे लहान ऑपरेशन नाही. सकाळी आत नेलं तर दिवस मावळेपर्यंत चालेल. काही जण त्यातून उठत नाहीत. नंतर जंतुसंसर्ग होऊ शकतो, काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी लागू शकते. पण काहीच केलं नाही तर जेली वाढत जाईल, आतड्यांना जागा उरणार नाही आणि एक दिवस घास खाली उतरणार नाही. पहिल्यात भीती आहे. दुसऱ्यात शंकाच नाही. मी तुमच्या जागी असतो तर—"

"तुमी माह्या जागी नाई जवाई."

"नाही. पण तुमची बहीण माझ्या घरी आहे. तुम्हाला खोटं सांगून मी राहायला जाऊ कुठं?"

शामभाऊंनी सुनंदाकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"सुनंदे, तुहा नवरा खरं बोलून रायला का?"

"हाव," ती म्हणाली. "खरं बोलताना त्यांचं लांबते."

"मंग चला," शामभाऊ म्हणाले. "कांते, माहा तो निळा सदरा काढ. पोटात बसन तो आता, वापस येताना."

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून वहिनी आणि सुनंदा, दोघींना आत काय चाललं असेल ते समजावून सांगत होतो. आता पोट उघडलं असेल. आता यकृताच्या वरची बाजू, तिथं छाती-पोटामधल्या पडद्याला चिकटलेलं असतं, ते सोलणं अवघड. आता बहुतेक औषध. बराच वेळ झाल्यावर सुनंदा म्हणाली, "अहो, थोडा वेळ गप्प बसता का?"

मी गप्प बसलो. तेव्हा मला कळलं की मी त्यांना सांगत नव्हतो, स्वतःलाच सांगत होतो. लोकांच्या पोटातलं पाहून मी रोज निकाल देतो, पण निकाल देऊन झाला की पुढचा पेशंट आत येतो. त्या बाकावर पुढचा पेशंट नव्हता. मीच सांगितलं होतं, मीच ठाम होतो, आणि आत जो माणूस होता त्याच्या पोटावर मी थाप मारली होती.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा दमलेला होता, पण चाल सरळ होती. वीस वर्षांत मी डॉक्टरांच्या चालीवरून निकाल ओळखायला शिकलोय. "दिसलं तेवढं सगळं काढलं," ते म्हणाले. "पिशवीची गरज पडली नाही. जेली बादलीभर होती." कांतावहिनी त्यांचे पाय धरायला वाकल्या तेव्हा ते मागे सरले आणि मी वहिनींना धरलं.

खरा त्रास पुढं होता. पोटावर छातीपासून खालपर्यंत टाके, आणि फुप्फुसात कफ साचू नये म्हणून रोज खोकायचं. खोकलं की टाके तुटल्यासारखं वाटतं. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "पोटावर उशी घट्ट धरा आणि खोका." दवाखान्याची उशी रेक्झिनची, धरली की साबणासारखी निसटायची. शामभाऊ खोकायला तयार होईनात. ताप चढला. सर्जनांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांनी खोकलंच पाहिजे, नाहीतर आपण एवढं केलेलं न्यूमोनियात जाईल."

सुनंदा खाली गेली. गाडीतून ती उशी घेऊन आली. सेमराच्या कापसाची. अभ्रा धुतलेला होता; कधी धुतला, कधी गाडीत ठेवला, मला माहीत नव्हतं. सिस्टरनं फुलाफुलांची उशी पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "बाहेरची उशी चालत नाही."

"ही बाहेरची नाही," सुनंदा म्हणाली. "ही त्याच्या पोटाचीच आहे."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टर म्हणून मान डोलावली. असल्या कामाला पदवी उपयोगी पडते. सिस्टरनं वर दवाखान्याचा अभ्रा चढवून दिला.

शामभाऊंनी उशी पोटाशी धरली. डोळे मिटले. आणि जो आवाज निघाला तो आजारी माणसाचा खोकला नव्हता, दंडारीत वसुलीला आलेला सावकार दारात येऊन खाकरतो तो होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकून उठला. वहिनी रडता रडता हसायला लागल्या. दोनतीन दिवसांत ताप उतरला.

तुकड्यांची तपासणी आली: सौम्य जातच, अपेंडिक्समधूनच सुरू झालेली. आता ठरावीक महिन्यांनी सीटी आणि रक्ताची तपासणी. हा आजार परत येऊ शकतो, हे मी त्यांना सांगितलंय आणि तुम्हालाही सांगतो. पण आत्तापर्यंतचे स्कॅन मी स्वतः पाहिलेत, एकेक कोपरा, आणि यकृताची कड गुळगुळीत आहे. गुळगुळीत कडेसारखी सुंदर गोष्ट पडद्यावर दुसरी नाही. आमच्या धंद्यात आनंद म्हणजे काहीही न दिसणं.

यंदाच्या मंडईला मी ठरवून मागच्या रांगेत बसलो. माईकचं नाव काढायचं नाही. स्टेजच्या मागे सुनंदा शामभाऊंना उशी बांधत होती. ते पुन्हा काटकुळे झाले होते, निळा सदरा अंगात दोनदा फिरेल एवढे. ओढणीची गाठ मारायच्या आधी तिनं टाक्यांच्या वणावर तळहात ठेवून पाहिला, हळू, थाप न मारता. मग घट्ट गाठ मारली.

ढोलकी वाजली. सावकार पोट पुढे काढून आला, खाकरला, आणि कुणाकडं वसुली करायची म्हणून गर्दीत नजर फिरवू लागला. नजर माझ्यावर थांबली.

"हे पाहा! मांगं लपून बसले. हे आमचे जवाई! लाखनीचे मोठे डॉक्टर! यायले पोटाच्या आतलं सारं दिसते!" मग उशीवर जोरात थाप मारून, "पन बाहेरचं दिसत नाई!"

मंडई हसली. मागच्या मंडईपेक्षा जास्त हसली. मला ओढून स्टेजवर नेलं, नारळ दिला, माईक दिला. आता बोलणं भागच होतं. मी म्हणालो की पोट वाढत असेल आणि हातपाय वाळत असतील तर ते मिरवू नका, दाखवा. हर्निया वाटला तरी आत पाहून घ्या. पोटात पाणी सांगितलं तर ते कशाचं, हे विचारा. अस्तराचा तुकडा काढायला सांगितला तर बाळंतपण झाल्यावर बघू म्हणू नका. मग मला त्या मावशी आठवल्या आणि त्यांच्याबद्दल बोललो. मग टीबीबद्दल. मग सोनोग्राफी म्हणजे मलम नव्हे याबद्दल. सावकार माझ्या मागे उभा राहून जांभया देण्याचं सोंग करत होता, आणि लोक कुणाला पाहून हसत होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

परत निघालो तेव्हा सवयीनं मी मागच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती.

"अगं, उशी राहिली!" मी ब्रेक दाबला.

"राहिली नाही, ठेवली," सुनंदा म्हणाली. "पुढच्या सालीबी त्याले लागनच ना. कायले इकडून तिकडं फिरवाची?" मग खिडकीबाहेर पाहत, "अन् पुढच्या साली भाषण जरा लहान करा."